अंगणाला लाकडी कुंपण घालताना: मोजणीपासून तेलाच्या हातापर्यंत

नोव्हेंबरमध्ये ठरवलं आणि मेमध्ये तेलाचा शेवटचा हात मारून झाला. प्रत्यक्ष हाताने केलेलं काम त्यात थोडंच, बाकी सगळा वेळ कागदपत्रं, वाट बघणं आणि लाकूड वाळणं यात गेला. सुरुवात केली तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि शोधून जे सापडायचं ते एकतर "खांब रोवा, फळ्या ठोका" इतकं वरवरचं किंवा थेट इंजिनियरसाठी लिहिलेलं. म्हणून जसं घडलं त्या क्रमाने लिहून ठेवतेय, कुणी हेच करायला निघालं असेल तर त्याला पुढे काय येणार आहे ते आधी कळेल.

आमच्याकडे समोर दगडी भिंत आहे, ती ठीक होती. मागची ३६ फूट आणि दोन्ही बाजूंची ३० - ३० फूट, म्हणजे एकूण ९६ फुटांवर जुनं लाकडी कुंपण होतं, आधीच्या मालकांनी घातलेलं. ते झुकायला लागलं होतंच, मग नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका रात्रीच्या वाऱ्यात मागची बाजू पूर्ण आडवी झाली. घरात नुकतं पळायला लागलेलं पोर, मागे रहदारीचा रस्ता, त्यामुळे पुढे ढकलण्यासारखं हे काम नव्हतंच. तात्पुरती जाळी लावली आणि विचार सुरू केला.

सगळ्यात आधी बाबांनी एक चांगली गोष्ट केली. पडलेल्या खांबांपैकी एक बुडापासून उपटून काढला आणि मला म्हणाले, "हे बघ, हा कुठे मेलाय ते नीट बघ." वरचं लाकूड करडं पडलेलं पण टणक होतं. जमिनीतलं अगदी खालचं टोकही बऱ्यापैकी शाबूत. कुजलं होतं ते नेमकं मातीच्या पातळीवर, वीतभर पट्ट्यात, तिथे स्क्रूड्रायव्हर नुसता दाबला तरी आत जात होता. नंतर वाचल्यावर कारण कळलं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही. वरचा भाग भिजतो पण वाऱ्याने वाळतो, खोल जमिनीत ओल असते पण हवा फार कमी, आणि मातीच्या तोंडाशी मात्र दोन्ही बारा महिने. त्या एका खांबाने मला पुढचे सगळे निर्णय घ्यायला मदत केली. पाऊस लाकडावर पडणारच, ते पाणी अडकून कुठेही राहता कामा नये, एवढंच बघायचं होतं.

मग हद्द. जुनं कुंपण होतं त्याच जागी नवीन घालावं असं सगळ्यांचं म्हणणं होतं, पण ते कुंपण हद्दीवर आहे हे कुणी सांगितलं? घराच्या कागदांत नकाशा होता, त्यावरची लांबी आणि आम्ही टेपने मोजलेली लांबी जुळत नव्हती. म्हणून रीतसर मोजणीसाठी अर्ज केला. अर्ज, मालकीच्या कागदाची प्रत, जुन्या नकाशाची प्रत, फी भरल्याची पावती. डिसेंबरच्या मध्याला मोजणी झाली, यंत्र लावून त्यांनी चारही कोपऱ्यांवर खुणा करून दिल्या. आणि खरंच, मागच्या एका कोपऱ्यात जुनं कुंपण आमच्याच जागेत दीड फूट आत होतं, दुसऱ्या बाजूला मात्र ते जवळजवळ हद्दीवर. मोजणीवर खर्च करावा की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली होती, पण माझं मत पक्कं आहे की हा खर्च टाळू नये. कुंपण एकदा सिमेंटमध्ये उभं राहिलं की नंतर निघालेला वाद फार महाग पडतो, पैशानेही आणि शेजाराच्या दृष्टीनेही. मोजणीदार खुणा करून गेले की लगेच त्या खुणांचे फोटो काढा, दोन पक्क्या गोष्टींपासून (घराचा कोपरा, विहिरीचा कठडा, काहीही जे हलणार नाही) त्यांची अंतरं मोजून वहीत लिहा. खुंट्या उखडल्या जातात, तो आकडा राहतो.

मोजणीच्या दिवशी डावीकडच्या काकांना आणि उजवीकडच्या काकूंना आधीच सांगून बोलावलं होतं. हे फार उपयोगी पडलं. दीड फुटाच्या त्या पट्ट्यात काकांनी गुलाब लावले होते, त्यांना वाईट वाटणार हे उघड होतं. बाबा त्यांना म्हणाले, "काका, घाई नाही, रोपं सावकाश हलवा, आम्ही खड्डे घ्यायला अजून दोन महिने आहेत." काका आधी गप्प झाले, मग खुणेपाशी जाऊन स्वतः बघून आले, आणि दुसऱ्या दिवशी "ठीक आहे, कागदावर आहे ते आहे" म्हणाले. बोलणं तिथेच संपलं. कुंपणाची रेघ मी हद्दीपासून सहा इंच आत घेतली, म्हणजे खांबाचा काँक्रीटचा पाया गोल असतो तोसुद्धा पूर्ण आपल्याच जागेत राहतो आणि दुरुस्तीला कुणाची परवानगी लागत नाही. थोडी जागा जाते, जाऊ दे.

परवानगीचं प्रकरण यानंतर. घराच्या कुंपणाला कशाला परवानगी असं मलाही वाटायचं, पण बहुतेक ठिकाणी उंचीवर मर्यादा असते, रस्त्याच्या बाजूला ती आणखी कमी असते आणि कोपऱ्यावरच्या प्लॉटला वळणावरची गाडी दिसली पाहिजे म्हणून वेगळा नियम असतो. सोसायटी किंवा कॉलनी असेल तर त्यांचे नियम वरून. त्यामुळे लाकूड बघायच्या आधी कार्यालयात जाऊन आपल्या प्लॉटला काय लागू आहे ते लेखी विचारून घ्या, तोंडी उत्तरावर काम सुरू करू नका. आमच्या अर्जाला मोजणीचा नकाशा, त्यावर लाल रेघेने कुंपणाची जागा, उंची, कुठलं साहित्य वापरणार आणि दोन्ही शेजाऱ्यांची ना हरकत सह्यांची पत्रं लागली. अर्ज एकदा परत आला, रेखाचित्रावर फाटक कुठल्या बाजूला उघडणार ते दाखवलेलं नव्हतं म्हणून (हे अर्जाच्या यादीत कुठेही लिहिलेलं नाही). फाटक आतल्या बाजूला उघडतं असं दाखवून परत दिला आणि जानेवारीच्या अखेरीस मंजुरी आली. वाट बघताना फार अस्वस्थ व्हायला होतं, रोज वाटायचं की नुसती चार लाकडं रोवायची तर आहेत. पण त्या आठवड्यांत मी जमिनीखालून काय काय गेलंय याची माहिती काढली आणि ती पुढे फार कामाला आली. पाण्याची, गॅसची, विजेची, सांडपाण्याची लाईन, सगळ्यांच्या विभागांना विचारलं, नकाशावर पेन्सिलने आखलं. मागच्या बाजूला पाण्याचा पाईप कुंपणाच्या रेघेला आडवा जात होता.

आता मापं. मंजुरी ५ फुटांची होती. खांबाच्या एकूण लांबीचा निदान एक तृतीयांश भाग जमिनीत हवा हा जुना हिशोब, म्हणजे ५ फूट वर तर अडीच फूट खाली. आठ फुटी खांब घेतले, वरचा थोडा भाग नंतर एका रेषेत कापायला ठेवला. खांब ४ इंच बाय ४ इंच, दोन खांबांत ६ फूट अंतर. आठ फूट अंतर ठेवलं असतं तर खांब कमी लागले असते, पण खांबांना जोडणाऱ्या, फळ्या ज्यांवर ठोकतात त्या आडव्या पट्ट्या काही वर्षांनी मधे झोळ खातात, आणि वाऱ्याचा भार थोड्या खांबांवर येतो. वाऱ्याचं गणित सांगितलंच पाहिजे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दाब दुप्पट नाही, चौपट होतो. जुनं कुंपण फळीला फळी भिडवून केलेलं होतं, म्हणजे वाऱ्यासाठी ती चक्क भिंतच. म्हणून नव्यात ४ इंची फळी आणि मधे १ इंच फट ठेवायची ठरवली, वारा थोडा पार जातो, आणि फळ्यांच्या कडा वाळतातही. फाटकासाठी एक जास्तीचा खांब धरून १८ खांब, दर गाळ्याला (दोन खांबांमधला भाग) तीन याप्रमाणे ४८ आडव्या पट्ट्या, साधारण २३० फळ्या. फळ्या दहा टक्के जास्त घ्या, वाकड्या आणि गाठी निघालेल्या बाजूला काढाव्या लागतातच.

लाकूड कुठलं घ्यायचं यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला असं वाटतं. लाकडाच्या ओंडक्याचा आतला गडद गाभा टिकाऊ असतो, बाहेरचा फिकट भाग जवळपास कुठल्याच जातीचा टिकत नाही. साग किंवा सीडरचा गाभा नुसताही चांगला टिकतो, पण ९६ फुटांना तो आम्हाला परवडणारा नव्हता. दुसरा मार्ग म्हणजे दाबाखाली औषध मुरवलेलं पाईन. यात लाकूड बंद टाकीत ठेवून आधी हवा काढतात आणि मग दाबाने औषध आत घालतात, नुसतं ब्रशने वरून लावलेलं औषध इतकं आत जात नाही. विचारताना "ट्रीटेड आहे का" एवढं विचारून भागत नाही, "जमिनीत गाडायला चालेल अशा दर्जाचं आहे का" हे विचारा. वर वापरायचं आणि मातीत घालायचं यासाठी औषधाचं प्रमाण वेगळं असतं. युरोपीय वर्गवारीत मातीला लागणाऱ्या लाकडासाठी वर्ग ४ आहे, तशी काहीतरी खूण किंवा लेबल बघून घ्या. जुन्या काळी या औषधात आर्सेनिक असायचं, अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती कामासाठी ते बंद झालं आणि आता बहुतेक तांब्यावर आधारलेली औषधं वापरतात. तरीही कापताना मास्क घाला, भुसा गोळा करा आणि उरलेले तुकडे कधीही चुलीत किंवा शेकोटीत जाळू नका, ते धोक्याचं आहे.

तांब्याचं औषध म्हटलं की स्क्रूचा विषय येतोच. ते साध्या लोखंडाला लवकर खातं, आणि नुसता चकचकीत पातळ मुलामा असलेले स्क्रूसुद्धा पुरत नाहीत. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले (हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड) किंवा स्टेनलेस, हे दोनच पर्याय. दर फळीला तीन पट्ट्यांवर दोन दोन म्हणजे सहा, २३० फळ्यांना जवळपास १४०० स्क्रू झाले. या एका ओळीने आमच्या बजेटला चांगलाच धक्का दिला, पण तिथे काटकसर केली असती तर काही वर्षांत फळ्यांवर काळे ओघळ आणि मग एकेक फळी सुटणं ठरलेलं.

लाकूड फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आलं, ठरल्या तारखेपेक्षा बरंच उशिरा, आणि गठ्ठ्यातल्या बऱ्याच फळ्या ओल्याचिंब होत्या, काही पिळलेल्या. गाडीवाला घाईत होता पण बाबांनी प्रत्येक गठ्ठा सोडायला लावला, पिळलेल्या बाजूला काढून तिथेच पावतीवर लिहून घेतलं, त्या बदलून मिळाल्या. हे उतरवतानाच करा, नंतर कुणी ऐकत नाही. राहिलेलं लाकूड सावलीत, जमिनीपासून उचलून, प्रत्येक थराच्या मधे बारीक पट्ट्या घालून रचलं, वर पत्रा, बाजू उघड्या. वारा सगळीकडून फिरायला हवा. ओली फळी रुंदीत आकसते (लांबीत जवळपास नाहीच), म्हणून ओली असताना १ इंच फट ठेवून ठोकली तर वाळल्यावर फट वाढते, हे लक्षात ठेवून आम्ही फळ्यांना पूर्ण एक महिना दिला आणि तोवर खांबांचं काम घेतलं.

आखणी. कोपऱ्याच्या खुंटीवरच दोरी बांधली तर खड्डा घेताना ती खुंटीच निघून जाते. म्हणून कोपऱ्याच्या पुढे दोन-तीन फुटांवर दोन खुंट्या आणि त्यांवर आडवी पट्टी अशी चौकट करायची आणि दोऱ्या तिथे बांधायच्या. दोन दोऱ्या जिथे छेदतात तो कोपरा, खड्डा घेताना दोरी सोडायची, नंतर परत त्याच खुणेवर लावायची. काटकोन तपासायला ३-४-५ चा हिशोब, पण छोट्या मापाने फसगत होते, आम्ही ६, ८ आणि १० फूट घेतलं. एका दोरीवर ६ फुटांवर खूण, दुसरीवर ८ वर, तिरकं अंतर बरोबर १० आलं की काटकोन. आमच्या प्लॉटचा मागचा एक कोपरा काटकोनात नव्हताच, मोजणीच्या खुणाच तशा होत्या, तिथे अर्थात खुणा मानायच्या, काटकोन नाही.

खड्डे फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. खांबाच्या रुंदीच्या तिप्पट व्यास म्हणजे १ फूट, आणि खोली ३ फूट, त्यातली खालची सहा इंच खडीसाठी. मदतीला एक मजूरदादा होते, त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "ताई, तोंड मोठं नका करू, खाली तेवढंच ठेवा, उलट खाली जरा जास्त पोसलेलं बरं." वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा झाला की काँक्रीटचा पाचरीसारखा गोळा होतो आणि ज्या प्रदेशात जमीन गोठते तिथे तो वर उचलला जातो, त्यांचं म्हणणं एकदम बरोबर होतं. खड्डे पाडायचं मशीन भाड्याने आणलं होतं, मऊ मातीत ते झरझर चालतं पण दगड लागला की हाताला जोरात झटका देतं, दोघांनी धरायचं आणि दगड लागला की बंद करून पहार घ्यायची. पाण्याच्या पाईपजवळचे दोन खड्डे पूर्ण हातानेच घेतले, आणि पाईप नकाशावरच्या पेन्सिलच्या रेघेपासून हातभर बाजूला निघाला. मशीन चालवलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको. एक खांब त्यामुळे थोडा सरकवला, तो गाळा सहाऐवजी साडेपाच फुटांचा झाला आणि शेजारचा साडेसहाचा.

खांब उभे करणं हा या सगळ्यातला माझा सर्वात आवडता भाग. आधी कोपऱ्यांचे, मग त्यांच्यात वर आणि खाली अशा दोन दोऱ्या ताणून मधले. खड्ड्याच्या तळाशी सहा इंच खडी, चोपून घट्ट केलेली, त्यावर खांब थेट टेकवायचा. खांबाच्या खाली काँक्रीट जाऊ द्यायचं नाही, नाहीतर बुडाशी काँक्रीटचा कप तयार होतो आणि त्यात पाणी कायमचं साचतं. कारखान्यातून आलेलं टोक खाली आणि आपण कापणार ते टोक वर, कारण कापलेल्या जागी आतलं कमी औषधाचं लाकूड उघडं पडतं. दोन शेजारच्या बाजूंना ओळंबा धरून खांब सरळ करायचा, दोन तिरक्या पट्ट्यांनी आधार द्यायचा, आणि काँक्रीट ओतून झाल्यावर परत ओळंबा बघायचा, कारण चोपताना खांब हलतोच. काँक्रीटचा वरचा भाग जमिनीच्या थोडा वर आणि खांबापासून बाहेर उतरता, करणीने घासून गुळगुळीत. पडलेल्या त्या खांबाला नेमकं हेच नव्हतं, त्याचं काँक्रीट मातीच्या खाली होतं आणि मधे खळगा. १८ खड्ड्यांना साधारण ३० घनफूट काँक्रीट लागलं, त्या हिशोबाने सिमेंट, वाळू, खडी एकदमच मागवा. नंतर आठवडाभर वरून ओली गोणपाटं घालून पाणी मारलं. काँक्रीटची पूर्ण ताकद २८ दिवसांची धरतात, पण आठवड्यात त्याला आडव्या पट्ट्यांचा भार सहज पेलतो. फाटकाच्या दोन खांबांना मात्र मी पूर्ण चार आठवडे हात लावला नाही, फाटक सतत ओढतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पट्ट्या सुरू झाल्या. आमच्या मागच्या बाजूला ३६ फुटांत साधारण सव्वा फुटाचा उतार आहे. उतारावर दोन पद्धती असतात, प्रत्येक गाळा सपाट ठेवून पायऱ्या पायऱ्यांनी उतरायचं, किंवा पट्ट्या जमिनीला समांतर तिरक्या लावून फळ्या मात्र ओळंब्यात उभ्या ठेवायच्या. पायऱ्यांत खाली तिकोनी फटी राहतात, मांजर, कुत्रं, चेंडू सगळं जातं, म्हणून आम्ही दुसरी घेतली. लांब अंतरावर पातळी बघायला पारदर्शक नळीत पाणी भरून केलेली लेव्हल सगळ्यात भरवशाची, दोन टोकांचं पाणी एका पातळीवर येतंच. पट्ट्या खांबांना नुसत्या तिरक्या स्क्रूने न लावता आतल्या बाजूने आडव्या ठेवून सरळ स्क्रूने बसवल्या. चांगली, सपाट बाजू बाहेर शेजाऱ्यांकडे आणि पट्ट्यांची बाजू आपल्याकडे, बऱ्याच ठिकाणी हा नियमच असतो, आणि नसला तरी मला ते बरोबर वाटतं. शिवाय बाहेरून पट्ट्यांवर पाय देऊन कुणाला चढता येत नाही.

फळ्या लावायला माझ्या भावाने एक इंची लाकडी ठोकळा करून दिला, वर छोटा खिळा, म्हणजे तो पट्टीवर अडकून लटकतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. फळी, ठोकळा, फळी, ठोकळा. दर पाच-सहा फळ्यांनंतर ओळंबा बघा, एक फळी केसभर कलली तरी पुढच्या सगळ्या कलत जातात. टोकाजवळ स्क्रू घालायच्या आधी बारीक भोक पाडून घ्या, नाहीतर फळी चिरते. फळीचं खालचं टोक जमिनीपासून दोन इंच वर, तिथे गवत आणि ओली पानं साचू द्यायची नाहीत. कापलेल्या प्रत्येक टोकाला, अगदी प्रत्येक, औषधाचा ब्रश दोनदा, कारण लाकूड टोकातून जेवढं पाणी पितं तेवढं बाजूने पीत नाही. खांबांची डोकी दोरीच्या रेषेत कापली, थोडा उतार देऊन, औषध लावलं आणि वर टोप्या बसवल्या. हे कंटाळवाणं काम आहे, संध्याकाळी पाठ मोडून यायची, पण एक बाजू उभी राहिली की दुसऱ्या दिवशी उठून आपोआप तिकडे पाय वळायचे.

फाटक मी सुतारकाकांकडून करून घेतलं, साडेतीन फुटांचं, आणि शेजारी उभं राहून शिकून घेतलं. लाकडी फाटक झुकतं कारण चौकट चौकोनी राहत नाही, म्हणून तिरकी पट्टी लागते, आणि तिची दिशा महत्त्वाची. लाकडी पट्टी बिजागरीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातून कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात जायला हवी, म्हणजे फाटकाचं वजन तिच्यावर दाबून खाली बिजागरीकडे येतं. तारेने ओढून धरायचं असेल तर बरोबर उलटा कर्ण, कारण तार दाब घेत नाही, ताण घेते. सुतारकाका म्हणाले, "पट्टी ढकलते, तार ओढते, एवढं ध्यानात ठेव, बाकी फाटक स्वतः सांगतं." तीन बिजागऱ्या, कडीच्या बाजूला अर्धा इंच फट, कारण ओल्या दिवसांत लाकूड फुगतं. कडी पोराच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर, आतल्या बाजूने. मार्चच्या अखेरीस फाटक लागलं आणि तात्पुरती जाळी निघाली. त्या दिवशी फाटकाला कडी घालून पोराला मोकळं अंगणात सोडलं आणि मी पहिल्यांदा त्याच्यामागे न धावता ओट्यावर बसले, डोळ्यांत पाणी आलं हे सांगायला हरकत नाही.

खर्चाच्या रकमा सांगत नाही, लाकडाचा भाव जागेप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे बदलतो, पण वाटणी सांगते. जवळपास निम्मा पैसा लाकडात गेला. मजुरी आणि सुतारकाम मिळून पाचवा हिस्सा, स्क्रू, बिजागऱ्या, कडी यात दहावा हिस्सा, सिमेंट-वाळू-खडी त्याहून थोडं कमी, आणि उरलेल्यात मोजणीची फी, परवानगीची फी, मशीनचं भाडं, औषध आणि तेल. जुनं कुंपण काढून त्याची विल्हेवाट लावण्याचा खर्च वेगळा धरा, कुणी तो आधी सांगत नाही. जुन्या खांबांचे काँक्रीटचे गोळे काढायला नवीन खड्ड्यांइतकीच मेहनत पडली.

शेवटचा भाग तेलाचा. लगेच रंगवून टाकू असं सगळ्यांना वाटत होतं, पण औषध मुरवलेलं लाकूड आत ओलं असतं, त्यावर रंगाचा थर दिला तर तो पोपडे धरून निघतो. तपासायची सोपी रीत आहे, फळीवर पाण्याचे चार थेंब टाकायचे. थेंब तसेच मोत्यासारखे बसले तर थांबा, काही मिनिटांत शोषले गेले तर लाकूड तयार. आमचं मेच्या सुरुवातीला तयार झालं. मी जाड पेंटऐवजी आत मुरणारं, थोडा रंग असलेलं तेल निवडलं. पेंट जास्त दिवस छान दिसतो पण एकदा चीर पडली की आत गेलेलं पाणी त्याच्याच थराखाली अडकतं, आणि परत लावताना आधीचं सगळं खरवडावं लागतं. तेल फिकं पडतं, बस, वरून धुवून पुन्हा एक हात मारायचा. आतला रंगद्रव्याचा अंश उन्हापासून वाचवतो, बिनरंगी तेलाने लाकूड लवकर करडं पडतं. तसं करडं पडणं नुसतं वरचं असतं, त्याने ताकद जात नाही, त्यामुळे तुम्हाला तो रंग आवडत असेल तर काहीच न लावलं तरी चालेल, औषध आपलं काम करत राहतं. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून उघड्यावर वाळवा, मगच फेका.

आता दर वर्षी एकदा करायचं काम एवढंच आहे. प्रत्येक खांबाच्या बुडाशी साचलेली माती आणि पाला बाजूला सारायचा, स्क्रूड्रायव्हरचं टोक तिथे दाबून बघायचं, ढिले स्क्रू आवळायचे, बिजागरीत तेल घालायचं. वाळवी असलेल्या भागात राहत असाल तर काँक्रीटवर मातीच्या बारीक नळ्या दिसतात का तेही बघा. मंजुरीचा कागद, मोजणीचा नकाशा, शेजाऱ्यांची पत्रं, लाकडाची पावती आणि लेबलचा फोटो एका फाईलमध्ये ठेवलाय. त्यातच एका कागदावर पाण्याच्या पाईपची खरी जागा आणि प्रत्येक खांबाचं कोपऱ्यापासूनचं अंतर लिहून ठेवलंय, पुढे कधी कुणाला इथे खणायचं झालं तर लागेल.